जाहीरनाम्याआधीची वर्षे

२८ जून २०२४ रोजी महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि त्याच दिवशी तिचा शासन निर्णयही निघाला. पात्र महिलेच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये आणि अर्जासाठी मुदत १५ जुलैपर्यंत. दोन-तीन दिवसांत तहसील कचेऱ्या, तलाठी कार्यालये आणि सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. अर्जाला अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता, आणि ज्यांच्यासाठी ही योजना होती त्यांच्यातल्या असंख्य जणींकडे नेमकी हीच कागदपत्रे नव्हती. २ जुलैला सरकारने अटी बदलल्या. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. वयाची वरची मर्यादा ६० वरून ६५ झाली. पाच एकर जमिनीची अट निघाली. अधिवास प्रमाणपत्राऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल असे ठरले. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज उरली नाही.

अटी इतक्या लवकर सुधारल्या हे चांगलेच झाले. पण जे प्रश्न रांगेत उभे राहिल्यावर समोर आले, ते अवघड नव्हते. लग्न होऊन गावात आलेल्या बाईकडे कोणते कागद असतात आणि कोणते माहेरीच राहतात, हे कुठल्याही पक्षाच्या तालुक्यातल्या महिला कार्यकर्तीला पाठ असते. तिला आधी विचारण्याची व्यवस्था असती, तर शासन निर्णयाचा पहिला मसुदाच वेगळा झाला असता. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली तेव्हा महायुतीने १,५०० चे २,१०० करण्याचे वचन दिले आणि महाविकास आघाडीने ३,००० चे. पाच महिन्यांच्या आत आकडा दुप्पट झाला.

धोरण ठरवायला पक्षांना वेळ फार लागतो, जग वेगाने बदलते, तेव्हा हे काम झटपट व्हायला हवे, असा आग्रह अनेक देशांत धरला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. पण धोरण तयार होताना वेळ नेमका कशात जातो हे पाहिल्याशिवाय त्यातला कोणता वेळ वाचवता येईल ते कळत नाही.

कुठल्याही पक्षात धोरणाचा प्रवास साधारण सारखाच असतो. कुणीतरी प्रश्न मांडतो. एखादी समिती मसुदा लिहिते. मग पैशाचा हिशेब होतो, निदान व्हायला हवा. ज्यांना हे धोरण गावोगाव जाऊन सांगायचे आणि राबवायचे आहे, ते मसुद्यावर भांडतात, उपसूचना देतात. शेवटी अधिवेशनात हात वर होतात. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षात हा सगळा क्रम नियमांत लिहिलेला आहे. अभ्यासगट नेमला जातो, चर्चेसाठी टिपण निघते, सदस्यांची मते येतात, आणि पक्षाच्या अधिवेशनात त्यावर दुरुस्त्यांसह मतदान होते. मजूर पक्षाने त्यासाठी १९९० च्या दशकात राष्ट्रीय धोरण मंच उभा केला. जर्मनीत तर ही बाब पक्षांच्या मर्जीवर सोडलेलीच नाही. पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे, असे तिथल्या राज्यघटनेचे कलम २१ सांगते. पक्षाचा कार्यक्रम प्रतिनिधींच्या अधिवेशनानेच ठरवावा आणि असे अधिवेशन दोन वर्षांतून एकदा तरी भरावे, असा १९६७ पासून कायदा आहे.

या सगळ्या टप्प्यांत लिखाणाला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो भांडणात. आणि धोरणाला जो काही टिकाऊपणा येतो, तो त्या भांडणातूनच येतो.

जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अनुभव त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा पक्ष लागोपाठ निवडणुका हरत होता. १९५७ साली त्याला ३१.८ टक्के मते मिळाली, तर कोनराड आडेनाउअर यांच्या आघाडीला निम्म्याहून जास्त. पक्षाचा अधिकृत कार्यक्रम तोवर १९२५ सालचा होता. हायडेलबर्गला मंजूर झालेल्या त्या कार्यक्रमाची भाषा वर्गसंघर्षाची होती, उत्पादनाच्या साधनांची मालकी समाजाकडे नेण्याची होती. नवा कार्यक्रम लिहिण्याचे काम १९५० च्या दशकाच्या मध्यावर विली आइशलर यांच्या समितीकडे आले. मसुदा १९५८ च्या श्टुटगार्ट अधिवेशनात मांडला गेला, पण तिथे मंजूर केला गेला नाही. तो खाली पाठवला गेला. शहरांतल्या, जिल्ह्यांतल्या शाखांनी तो वाचला, त्यावर सभा घेतल्या, दुरुस्त्या पाठवल्या. मजकूर पुन्हा लिहिला गेला. वोल्फगांग आबेन्ड्रोथ यांच्यासारख्या डाव्या विचारवंतांनी स्वतःचा पर्यायी मसुदाच पुढे केला.

१३ ते १५ नोव्हेंबर १९५९ या तीन दिवसांत बाड गोडेसबर्गच्या खास अधिवेशनात शेवटचे मतदान झाले. बाजूने ३२४, विरोधात १६. बाजारातल्या स्पर्धेला शक्य तिथवर वाव आणि सरकारी नियोजन गरजेपुरतेच, अशी नवी भूमिका पक्षाने स्वीकारली. मार्क्सवादाशी असलेले जुने नाते संपले. नुसते आकडे पाहिले तर हे सहज झाले असे वाटते. पण या एकजुटीमागे चार-पाच वर्षांची मनधरणी होती. ज्यांचा विरोध होता त्यांचे म्हणणे शाखेत ऐकून झाले होते, काहींचे मन वळले होते, आणि उरलेल्यांना आपण हरलो आहोत हे अधिवेशनाला येण्याआधीच ठाऊक होते. १९६६ साली हा पक्ष संघीय सरकारात आला, १९६९ साली विली ब्रांट चॅन्सेलर झाले. बाड गोडेसबर्गचा कार्यक्रम १९८९ पर्यंत, तीस वर्षे चालला.

योगायोग असा की त्याच १९५९ साली, जानेवारीत, नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. शेतीचे भवितव्य सहकारी सामुदायिक शेतीत आहे, असा ठराव तिथे झाला. जमिनी एकत्र करून कसायच्या, मालकी हक्क शेतकऱ्याचा राहील, उत्पन्नात त्याला जमिनीचा वाटा मिळेल आणि कामाचा मोबदला वेगळा मिळेल, अशी ती कल्पना होती. आधी तीन वर्षांत सेवा सहकारी संस्थांचे जाळे उभारायचे होते, आणि जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचे कायदे १९५९ संपायच्या आत सगळ्या राज्यांनी करायचे होते. पंडित नेहरूंचा या कल्पनेवर मनापासून विश्वास होता. चरणसिंगांनी अधिवेशनात उभे राहून विरोध केला. पण ठराव मंजूर होणार हे ठरलेलेच होते, आणि तो झाला.

अडचण मंजुरीनंतर सुरू झाली. राज्याराज्यांत काँग्रेसची जिल्हा संघटना चालवणारे लोक स्वतः जमीनदार नसले तरी बागायतदार, मोठे खातेदार होते. त्यांच्याशी वाद घालून त्यांना पटवण्याचे काम कुणी केले नव्हते. त्यांनी नेत्याच्या शब्दाखातर हात वर केले आणि गावी परतल्यावर ठराव बाजूला ठेवला. ज्यांना ते जमले नाही ते पक्ष सोडून गेले. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा काँग्रेसमधून बाहेर पडले. राजाजी, मिनू मसानी आणि रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. त्याची उभारणी करणारे अधिवेशन ऑगस्ट १९५९ मध्ये मुंबईत झाले, म्हणजे नागपूरच्या ठरावाला जेमतेम सात महिने होत असताना. सामुदायिक शेती तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत प्रायोगिक प्रकल्पांपुरती उरली. जमिनीच्या कमाल मर्यादेचा महाराष्ट्राचा कायदा १९६१ साली आला.

नागपूरला काँग्रेस चुकली ती धोरणाच्या आशयात की पद्धतीत, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद असू शकतील. पद्धतीची चूक मात्र उघड दिसते. श्टुटगार्टला जर्मन पक्षाने मसुदा मंजूर न करता खाली पाठवला. नागपूरला मंजुरी आधी मिळाली आणि समजावणे मागून करायचे ठरले.

खुद्द काँग्रेसला याहून बरी रीत माहीत होती. मार्च १९३१ मध्ये कराचीचे अधिवेशन कमालीच्या तणावात भरले. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्चला फाशी झाली होती, गांधीजींना काळे झेंडे दाखवले गेले होते, आणि गांधी-आयर्विन कराराला मंजुरी घ्यायची होती. सरदार पटेल अध्यक्ष होते. त्या धामधुमीत नेहरूंनी मसुदा केलेला आणि गांधीजींनी बदल सुचवलेला मूलभूत हक्क व आर्थिक कार्यक्रमाचा ठराव संमत झाला. प्रौढ मताधिकार, मोफत प्राथमिक शिक्षण, मिठावरचा कर रद्द, सरकारी नोकराला महिन्याला ५०० रुपयांहून जास्त पगार नाही, मोठ्या उद्योगांवर राज्याची मालकी किंवा नियंत्रण. एवढा मोठा ऐवज, आणि तोही घाईत. पण हा ठराव अंतिम नाही, अखिल भारतीय काँग्रेस समितीने त्यात दुरुस्त्या कराव्यात, अशी सोय त्यातच ठेवलेली होती. प्रांतांकडून मते आली आणि ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत सुधारित मजकूर मंजूर झाला. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांच्या पूर्वजांत या ठरावाचे नाव घ्यावेच लागते. घाई झाली तरी दुरुस्तीचे दार उघडे राहिले, म्हणून ती निभावली.

१९६९ ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. बँकांवर सामाजिक नियंत्रण हवे ही मागणी काँग्रेसच्या १९६७ च्या दहा कलमी कार्यक्रमात होती, आणि पक्षातला तरुण गट राष्ट्रीयीकरणासाठी हट्ट धरून होता. म्हणजे चर्चा झालेली होती. पण जुलै १९६९ मध्ये बेंगळुरूच्या बैठकीत इंदिरा गांधींचे आर्थिक धोरणावरचे टिपण आले, त्यानंतर काही दिवसांत मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले गेले, आणि १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. पक्षांतर्गत लढाईत हा वेग इंदिराजींना उपयोगी पडला यात शंका नाही. कायद्याला मात्र तो भोवला. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. याच १४ बँकांना वेगळे काढून त्यांचा धंदाच बंद करणे हा भेदभाव होता आणि नुकसानभरपाईचे निकष सदोष होते, हे मुख्य आक्षेप. याचिका होती रुस्तम कावसजी कूपर यांची, आणि त्यांची बाजू नानी पालखीवालांनी मांडली होती. कूपर स्वतंत्र पक्षाचे होते. नागपूरला ज्यांना पक्षात ऐकून घेतले गेले नाही, त्यांनी काढलेल्या पक्षातला माणूस दहा वर्षांनी न्यायालयात उभा राहिला. सरकारने चार दिवसांत दुसरा वटहुकूम काढला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. पहिल्यांदाच मसुदा नीट तपासला असता तर हा खटाटोप टळला असता.

असे प्रकार विकसनशील देशांतच होतात असे नाही. ब्रिटनमध्ये थेरेसा मे यांनी एप्रिल २०१७ मध्ये मुदतीआधी निवडणूक जाहीर केली. हुजूर पक्षाचा जाहीरनामा मोजक्या माणसांनी गुप्तपणे लिहिला आणि १८ मे रोजी हॅलिफॅक्स इथे प्रसिद्ध झाला. म्हातारपणी घरी मदतनीस लागला तर त्याच्या खर्चाचा हिशेब करताना राहते घरही मालमत्तेत धरायचे, मात्र एक लाख पौंडांपर्यंतची मालमत्ता सुरक्षित ठेवायची, असे त्यात होते. स्मृतिभ्रंश झालेल्या आईची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या कुटुंबाचे घर जाईल, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला, आणि विरोधकांनी त्याला ‘डिमेन्शिया टॅक्स’ म्हणायला सुरुवात केली. ज्या उमेदवारांनी दारोदार जाऊन हे समजावून सांगायचे, त्यांनाच ते नवीन होते. चौथ्या दिवशी मे यांनी खर्चाला वरची मर्यादा घालू असे जाहीर केले आणि काहीही बदललेले नाही असेही सांगितले. ८ जूनला पक्षाचे बहुमत गेले. वृद्धांच्या देखभालीचा प्रश्न खरा होता. सूचनाही सर्वस्वी वाईट नव्हती. पण तिची पहिली खडाजंगी पक्षाच्या बैठकीत न होता थेट मतदाराच्या दारात झाली.

संथ गतीचेही तोटे आहेत. ज्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाची पद्धत इतकी काटेकोर, त्याच पक्षात विद्यापीठाचे शुल्क रद्द करण्याची भूमिका अधिवेशनाने धरून ठेवली होती. नेतृत्वाला ती परवडणारी वाटत नव्हती, पण बदलताही आली नाही. २०१० च्या निवडणुकीत उमेदवारांनी शुल्कवाढीला विरोध करू अशी लेखी शपथ घेतली. मग पक्ष आघाडी सरकारात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात शुल्काची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेणाऱ्या प्रस्तावाला त्याच्या मंत्र्यांनी मत दिले. २०१५ साली पक्षाच्या ५७ जागांच्या ८ झाल्या. इथे वाद झाला होता, पण हिशेब मागे राहिला होता. सदस्यांपुढे आणि नेत्यांपुढे एकच आकडेवारी असती तर निदान शपथपत्रावर सह्या झाल्या नसत्या.

वाद, प्रयोग आणि हिशेब तिन्ही झालेले एक धोरण महाराष्ट्रानेच देशाला दिले. वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. गांधीविचाराचे काँग्रेस कार्यकर्ते, आणि १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम देणे ही राज्याची जबाबदारी आहे, हा त्यांचा ध्यास होता. १९६० च्या दशकात तासगाव परिसरात तो छोट्या प्रमाणावर करून पाहिला गेला. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या, नालाबांध घालणाऱ्या, पाझर तलाव खणणाऱ्या या माणसांनी पागेंच्या कल्पनेची राज्यव्यापी परीक्षाच घेतली. मजुरी किती द्यायची, काम कसे मोजायचे, गावापासून किती लांब कामे काढायची, बायकांच्या लहान मुलांचे काय करायचे, या सगळ्याची उत्तरे खडीच्या ढिगाशेजारी सापडत गेली. मोर्चे काढणाऱ्या समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी उणिवा दाखवायचे सोडले नाही.

हिशेबाचा भाग तर आजही लाखो लोकांच्या पगारपत्रकावर छापलेला असतो. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला, आणि शहरातल्या पगारदाराने भरलेल्या या पैशात राज्याने तेवढीच भर घालायची असे ठरले. वचन देताना त्याचे पैसे कोण देणार हे नाव घेऊन सांगितले गेले. ज्यांच्या खिशातून ते जाणार होते त्या शहरी मध्यमवर्गाची नाराजी ओढवून घ्यायला सत्ताधारी तयार झाले, विरोधी पक्षांनीही साथ दिली.

कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत, आणि काम देता आले नाही तर बेकारभत्ता. तासगावपासून कायदा लागू होईपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला. पण त्यामुळेच पुढे काम लवकर झाले. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसने ग्रामीण रोजगाराच्या हमीचे आश्वासन दिले तेव्हा देशापुढे पाव शतकाचा चालता दाखला होता, त्याच्या गुणदोषांवरचे अभ्यास होते. डिसेंबर २००४ मध्ये विधेयक मांडले गेले, ते भाजपचे कल्याणसिंह अध्यक्ष असलेल्या संसदीय स्थायी समितीकडे गेले, ऑगस्ट २००५ मध्ये लोकसभेने ते संमत केले आणि २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत अंमल सुरू झाला. निवडणूक जिंकल्यापासून दोन वर्षांच्या आत. अशा वेगाला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण वाद आणि प्रयोग आधी होऊन गेले होते.

तंत्रज्ञानाने हा वादच आटोपता येईल का? जर्मनीच्या पायरेट पक्षाने २०१० पासून तसा प्रयत्न केला. ‘लिक्विड फीडबॅक’ नावाच्या प्रणालीवर कुठल्याही सदस्याने प्रस्ताव मांडायचा, इतरांनी सुधारणा सुचवायच्या, मत द्यायचे, किंवा स्वतःला वेळ नसेल तर आपले मत विश्वासाच्या सदस्याकडे सोपवायचे. वार्षिक अधिवेशनाची वाट पाहायची गरज नाही. २०११ मध्ये बर्लिनच्या निवडणुकीत पक्षाला ८.९ टक्के मते आणि १५ जागा मिळाल्या तेव्हा या पद्धतीचे कौतुक जगभर झाले. पण मते सोपवत सोपवत काही मोजक्या सदस्यांच्या हाती प्रचंड वजन आले. बांबर्ग विद्यापीठातले भाषाशास्त्राचे एक प्राध्यापक कुठल्याही पदावर नसताना पक्षातले सर्वात प्रभावी सदस्य म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसरीकडे, ऑनलाइन मतदानाचा निकाल पक्षावर बंधनकारक मानायचा की नाही यावर एकमत होईना. कायमची ऑनलाइन सदस्यसभा स्थापन करण्याचा प्रस्ताव २०१३ च्या अधिवेशनात दोन तृतीयांश मतांअभावी थोडक्यात पडला. त्या वर्षीच्या संघीय निवडणुकीत पक्ष २.२ टक्क्यांवर आला. यामागे आपसांतली भांडणे आणि इतरही कारणे होती. तरी एक गोष्ट उरतेच. प्रस्ताव पोहोचवण्याचा वेग वाढला, पण माणसे वाचायला, पटवून घ्यायला आणि मत बदलायला पूर्वीइतकाच वेळ घेत राहिली.

जिथे वेग खरोखर वाढवता येतो ती जागा नेदरलँड्सने दाखवली आहे. तिथल्या आर्थिक धोरण विश्लेषण संस्थेकडे पक्ष निवडणुकीआधी आपापल्या योजना देतात. कुठल्या योजनेने सरकारी तूट किती वाढेल, रोजगाराचे काय होईल, कोणत्या उत्पन्नगटाच्या खिशावर काय परिणाम होईल, हे संस्था मोजते आणि सगळ्या पक्षांचे निकाल एकत्र छापते. १९८६ पासून हे चालू आहे. कुणावर सक्ती नाही, तरी बहुतेक मोठ्या पक्षांनी हा शिरस्ता पाळला, कारण गैरहजेरी मतदारांना दिसते. ऑस्ट्रेलियातही २०१२ पासून संसदेचे अर्थसंकल्प कार्यालय विरोधी पक्षांच्या योजनांचा खर्च काढून देते. सत्ताधाऱ्यांच्या हाताशी अख्खे अर्थखाते असते, विरोधकांकडे काहीच नसते, ही विषमता त्याने कमी होते. आकडेमोडीचे काम तज्ज्ञांनी असे उचलले की पक्षाच्या बैठकीतला वेळ मूळ प्रश्नासाठी मोकळा होतो.

भारतात यातले काहीच बंधनकारक नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली नोंदणी करताना पक्षाला राज्यघटनेशी निष्ठा जाहीर करावी लागते. धोरण कुठे आणि कसे ठरते याबद्दल कायदा गप्प आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदारांना पक्षादेशाविरुद्ध मत देण्याची सोय उरली नाही, त्यामुळे सभागृहात धोरण तावून सुलाखून निघण्याची शक्यताही आक्रसली. म्हणजे वादाची जागा उरते ती पक्षाच्या आतच, आणि तिथे जाहीरनामा समितीच्या चार-दोन बैठका होतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपचा जाहीरनामा ७ एप्रिलला आला, त्याच दिवशी पहिल्या टप्प्याचे मतदान होते. आसाम आणि त्रिपुरातल्या मतदारांनी तो वाचायचा तरी केव्हा?

सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी तामिळनाडूतल्या मोफत वस्तूंच्या प्रकरणात निकाल देताना निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. त्यानुसार आश्वासनामागचे कारण आणि पैसे कुठून आणणार याची ढोबळ दिशा जाहीरनाम्यात दिसावी अशी अपेक्षा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने पुढचे पाऊल टाकत एक तक्ताच सुचवला. योजनेचा लाभ किती लोकांना, खर्च किती, त्यासाठी नवा कर की कर्ज की दुसऱ्या खर्चात कपात, हे पक्षांनी भरून द्यावे. अनेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली. आयोगाचे हे काम नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. हा तक्ता पक्षांनी आयोगासाठी भरण्यापेक्षा आपल्याच कार्यकर्त्यांसाठी भरायला हवा. त्याला नवा कायदा लागत नाही. निवडणुकीच्या वर्षभर आधी मसुदा आणि त्याचा खर्च तालुका शाखांना पाठवायचा, महिनाभरात उपसूचना मागवायच्या, आणि कुठली का स्वीकारली व कुठली का नाकारली हे लेखी कळवायचे. पूर्वी छपाई आणि टपालातच आठवडे जायचे, आता मसुदा एका दुपारी राज्यातल्या प्रत्येक शाखेत पोहोचतो. तो वाचलेला वेळ उपसूचनांवरच्या चर्चेला देता येईल.